मोटरहोमच्या वॉटर हीटरला इंजिनचं गरम कूलंट : होज कुठून काढायचे, कसे न्यायचे

घाटवाट

अमेरिकेत, कॅनडात मोटरहोम बाळगणाऱ्या मंडळींकडून हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून वेगळा धागा काढतोय. बोलायला एक ठरावीक गाडी धरू : फोर्ड ई-४५० चॅसीवरची क्लास सी (व्हॅनच्या चॅसीवर बांधलेली मोटरहोम), ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन. वॉटर हीटर ६ गॅलनचा, म्हणजे साधारण २३ लिटर, गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा. त्याच्या मागच्या बाजूला इंजिन कूलंटसाठी (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवासाठी) दोन जादा निपल, म्हणजे होज बसवायची तोंडं, आहेत. काही हीटरना ते असतात, पण गाडी बांधणाऱ्याने जोडलेलेच नसतात.

आधी फायदा किती ते बघू. २३ लिटर पाणी १५ अंश सेल्सियसवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १.२ युनिट उष्णता लागते. गाडी चालताना इंजिन याच्या कितीतरी पट उष्णता रेडिएटरमधून हवेत सोडत असतं. त्यातली थोडी टाकीकडे वळवली की मुक्कामाला पोचताना पाणी कढत असतं आणि गॅस पेटवावा लागत नाही. कूलंटची नळी टाकीला बाहेरून चिकटवलेली असेल तर तासाभराचं ड्रायव्हिंग धरा. टाकीच्या आत गुंडाळी असलेला कॅलोरिफायर असेल तर त्याहून लवकर होतं.

आता कूलंट कुठून घ्यायचं? रेडिएटरच्या जाड होजला हात लावायचा नाही. इंजिन तापून त्याचा थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथे प्रवाहच नसतो. केबिनच्या हीटरकडे जाणारे जे दोन बारीक होज असतात तिथूनच घ्यायचं. त्यातला एक इंजिनच्या गरम बाजूने येतो, दुसरा वॉटर पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाकडे परत जातो. दाबातल्या या फरकावरच सगळं फिरतं, वेगळा पंप लागत नाही. कोणता कुठला हे ओळखायला थंड इंजिन सुरू करा, डॅशबोर्डवर हीटर पूर्ण ‘हॉट’ला ठेवा आणि दोन्ही होजना हात लावून बघा. आधी तापतो तो पुरवठ्याचा. पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवा.

मापं : हीटर होज आतून ५/८ इंच (१६ मिमी) किंवा ३/४ इंच (१९ मिमी). वॉटर हीटरचे निपल कॅलिपरने मोजूनच होज आणा, दोन्ही टोकांना वेगळी मापं निघू शकतात. ५/८ च्या होजमध्ये मीटरमागे ०.२ लिटर कूलंट मावतं. टाकी मागे असेल तर जाऊन-येऊन १५ मीटर सहज लागतात, म्हणजे ३ लिटर जादा कूलंट. ३/४ घेतला तर सव्वाचार लिटर. हे आधीच विकत आणून ठेवा.

पाना_पकड

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ई-सिरीजमध्ये हीटरच्या होजवर व्हॅक्यूमने चालणारा व्हॉल्व्ह असतो. एसी ‘मॅक्स’वर टाकला की तो हीटर कोअरकडे (केबिन तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरकडे) जाणारं कूलंट बंद करतो. वॉटर हीटरचा फाटा त्या व्हॉल्व्हच्या पुढे काढला असेल तर भर उन्हाळ्यात, एसी जोरात असताना, टाकीत एक थेंब गरम कूलंट जात नाही. “हिवाळ्यात चालतं, जुलैमध्ये चालत नाही” अशी तक्रार आली की नव्वद टक्के वेळा हेच कारण निघतं. फाटा इंजिन आणि तो व्हॉल्व्ह यांच्या मध्येच काढायचा.

जोडणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये. इंजिन, मग केबिनचा हीटर, मग टाकी, मग परत पंप. टाकी आधी आणि केबिन नंतर असं करू नका. थंडीत २३ लिटर गार पाणी पहिला अर्धा तास सगळी उष्णता ओढून घेतं आणि समोरच्या काचेवरचं बर्फ निघत नाही.

चाकोरीबाहेर

इथे मतभेद आहे. सिरीजमध्ये लावलं की केबिनच्या हीटरचा सगळा प्रवाह त्या १५ मीटर होजमधून आणि टाकीच्या बारीक नळीतून ढकलावा लागतो. प्रवाह घटतो, केबिनचा हीटर आयडलिंगला कोमट पडतो. शिवाय मागे कुठे होज दुमडला तर पुढचा हीटरही गेला. आणि तुम्हीच म्हणता तो व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बंद झाला की सिरीजमध्ये टाकीही बंदच. त्यापेक्षा दोन पितळी टी (तीन तोंडांचे जोड) लावा, एक पुरवठ्यावर, एक परतीवर, आणि टाकीला स्वतंत्र फाटा द्या. प्रत्येक टीच्या टाकीकडच्या तोंडावर एक बॉल व्हॉल्व्ह. टाकी नको असेल तेव्हा दोन्ही बंद, बाकी गाडी मूळ अवस्थेत.

पाना_पकड

टी लावण्यात चूक नाही, पण नुसते टी लावून भागत नाही. कूलंट जिथे अडथळा कमी तिथून पळतं. केबिनच्या हीटरचा फेरा दीड-दोन मीटरचा, टाकीचा पंधरा मीटरचा. बहुतेक सगळा प्रवाह जवळच्या वाटेने परत जातो आणि टाकीपर्यंत नाममात्र पोचतं. लोक मग केबिनच्या फाट्यावरचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून तोल साधतात. ते जमतं, पण दोन्हीकडे तडजोड होते. टी पद्धतच हवी असेल तर टाकीच्या फाट्यावर १२ व्होल्टचा छोटा सर्क्युलेशन पंप टाका, गरम कूलंटसाठी बनवलेला. पिण्याच्या पाण्याचा पंप तिथे टिकणार नाही.

सिरीजमधल्या तुमच्या दोन्ही आक्षेपांवर उत्तर एकच : चार तोंडांचा बायपास व्हॉल्व्ह. पुरवठा आणि परत दोन्ही होज त्याच्यातून जातात. बंद केला की कूलंट आतल्या आत वळून इंजिनकडे परत जातं, फेरा कधी तुटत नाही. मूळचा दोन तोंडांचा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह काढून त्याजागी चार तोंडांचा बसवला की एसी ‘मॅक्स’ला असतानाही टाकीला कूलंट मिळत राहतं. तसाच दुसरा, हाताने फिरवायचा, टाकीच्या फाट्याच्या सुरुवातीला. मागे काही बिघडलं तर एक दांडी फिरवायची, गाडी पुढे निघाली.

साधा बॉल व्हॉल्व्ह सिरीजच्या फेऱ्यात कधीच लावू नका. तो बंद केला की हीटरचा अख्खा फेरा थांबतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडेपर्यंत कूलंट फिरतं राहायला हीच वाट ठेवलेली असते, ती अडवली की इंजिनात एका जागी गरम, एका जागी गार असं होतं.

चाकोरीबाहेर

चार तोंडांच्या व्हॉल्व्हसह सिरीज असेल तर मान्य. लांब फेऱ्याला मग ३/४ इंचच होज घ्या, अडथळा बराच कमी होतो.

आणखी एक. काही क्लास सी गाड्यांत मागच्या बसण्याच्या जागेसाठी वेगळा कूलंटवर चालणारा हीटर असतो, बाकाखाली किंवा पलंगाखाली. तो असेल तर होज आधीच गाडीच्या मध्यापर्यंत आलेले असतात. तिथून पुढे फक्त दोन-तीन मीटर वाढवले की काम झालं. चॅसीखाली नवीन होज टाकायच्या आधी एकदा बाकाखाली डोकावून बघा.

ओहायोकर

जोडणीवर बरंच झालं. आता पाण्याच्या बाजूबद्दल लिहितो, कारण इजा तिथे होते.

गॅसवर किंवा विजेवर टाकीचा थर्मोस्टॅट पाणी साधारण ५४ ते ६० अंशांवर थांबवतो. इंजिनला तो थर्मोस्टॅट माहीत नाही. कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं आणि लांबच्या प्रवासात टाकीतलं पाणी ८० च्या पुढे सहज जातं. ६० अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत खोल भाजतं. ८० ला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. गाडी थांबल्याबरोबर पहिला नळ उघडतं ते बहुधा लहान मूल, हात धुवायला.

म्हणून टाकीच्या गरम पाण्याच्या तोंडावरच थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गार पाणी मिसळून ठरलेलं तापमान राखणारा) हवा, ४९ अंशांवर लावलेला. नळापाशी किंवा शॉवरपाशी नको, टाकीपाशीच. म्हणजे घरातल्या सगळ्या नळांना संरक्षण मिळतं आणि पेक्सच्या (प्लॅस्टिकच्या) पाइपलाही. पेक्स ८२ अंशांना १०० पीएसआय (दाबाचं माप) आणि ९३ अंशांना ८० पीएसआय एवढंच धरतो. विकत घेताना व्हॉल्व्हवर आत येणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा काय लिहिली आहे ते वाचा. थंड पाण्याच्या तोंडाला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) आहे ना तेही बघा, नाहीतर गरम पाणी उलटं थंड पाइपात शिरतं आणि “थंड नळाला गरम पाणी येतंय” हा घोळ होतो.

या व्हॉल्व्हचा एक मोठा फायदाही आहे. ६० अंशांच्या २३ लिटर पाण्यात १५ अंशांचं गार पाणी मिसळून ४० अंशांचं अंघोळीचं पाणी केलं तर सुमारे ४१ लिटर होतं. तेच टाकीत ८२ अंशांचं असेल तर जवळपास ६१ लिटर. प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, कारण वापरताना टाकीत गार पाणी शिरत राहतं. तरी दोघांच्या अंघोळीऐवजी तिघांची होते.

घाटवाट

ओहायोकरांच्या म्हणण्याला जोडून दोन लक्षणं, ज्यांनी लोक घाबरतात.

पहिलं : दिवसभर गाडी चालवून पोचल्यावर गॅसचा किंवा विजेचा हीटर पेटतच नाही. टाकी ८२ अंशांच्या वर गेली की सुरक्षेचा कटऑफ उडतो. काही मॉडेलांत टाकी निवली की तो आपोआप जोडला जातो, काहींत बाहेरच्या झाकणामागे रबरी टोपीखाली लाल बटण असतं, ते दाबावं लागतं. हीटर बिघडलेला नसतो. पण दर प्रवासाला कटऑफ उडत असेल तर टाकीचं तापमान बांधून घेतलेलंच बरं. टाकीच्या भिंतीला ६० अंशांचा डिस्क थर्मोस्टॅट लावायचा आणि त्यावर १२ व्होल्टचा, चार तोंडांचा मोटराइज्ड व्हॉल्व्ह चालवायचा. वीज गेली की स्प्रिंगने बायपासला जाईल असाच व्हॉल्व्ह निवडा.

दुसरं : सेफ्टी व्हॉल्व्ह टपकतो. हा १५० पीएसआय किंवा ९९ अंशांना उघडतो. १५ वरून ८२ अंशांवर जाताना पाणी सुमारे ३ टक्के फुगतं, म्हणजे २३ लिटरमागे पाऊण लिटरच्या जवळपास. चेक व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही, मग दाब वाढून तिथून टपकतं. टाकीच्या वरच्या भागात हवेचा थर ठेवलेला असतो तो याचसाठी, आणि काही महिन्यांत ती हवा पाण्यात विरघळून संपते. टाकी पूर्ण गार असताना पंप बंद करा, एखादा गरम नळ उघडा, सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी आडवी करून पाणी यायचं थांबेपर्यंत थांबा, मग दांडी सोडून नळ बंद करा. हवेचा थर परत तयार झाला. हे वारंवार करावं लागत असेल तर गरम लाइनवर लहान एक्स्पान्शन टँक टाका. टपकतं म्हणून व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारणं हा जिवाशी खेळ आहे.

रानभूल

एक शंका. कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, पोटात गेलं तर विष. टाकीत गळती झाली तर ते पिण्याच्या पाण्यात जाणार नाही का? कुणी म्हणतं की पाण्याचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, त्यामुळे गळती झालीच तर पाणी कूलंटमध्ये जाईल, उलटं नाही.

ओहायोकर

त्या युक्तिवादावर विसंबू नका. पंप चालू असताना पाण्याचा दाब ४० ते ६० पीएसआय असतो आणि कूलंटचा १६ च्या आसपास, तेव्हा ते खरं आहे. पण बरेच जण गाडी चालवताना पाण्याचा पंप बंद ठेवतात आणि निघण्याआधी एखादा नळ उघडून दाब सोडतात. नेमकं तेव्हा कूलंट गरम आणि दाबाखाली असतं, पाणी दाबाशिवाय. मग गळतीची दिशा उलटी.

टाकीची रचना कशी आहे यावर सगळं आहे. नळी टाकीच्या बाहेरच्या अंगाला जोडलेली असेल तर मध्ये दोन भिंती आहेत, नळी फुटली तर कूलंट इन्सुलेशनमध्ये आणि खाली जमिनीवर येतं, पाण्यात नाही. पाण्यात बुडालेली एकेरी गुंडाळी असेल तर एकच भिंत. अशा टाकीचं पाणी फक्त अंघोळीला आणि भांड्यांना, स्वयंपाकाला नाही, असा नियम घरात लावा. शक्य असेल तर दुहेरी भिंतीचा एक्स्चेंजर (कूलंटची उष्णता पाण्याला देणारा भाग) घ्या.

खुणा लक्षात ठेवा : कूलंट कमी होत जाणं, टाकीच्या कप्प्यात गोडसर वास, फरशीवर चिकट ओल, नळाच्या पाण्याला रंग किंवा तुळतुळीतपणा. यातलं एकही दिसलं तर बायपास फिरवा आणि ते पाणी वापरू नका. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, गोड लागतं म्हणून कुत्री ते पितात आणि थोडक्यातही मरतात.

हिवाळ्यात पाण्याच्या पाइपात भरतात ते गुलाबी आर.व्ही. (मोटरहोमचं) अँटीफ्रीझ वेगळं, ते इंजिनात घालायचं नाही. इंजिनात जे आधीपासून आहे त्याच प्रकारचं, ५०-५० डिस्टिल्ड पाण्यात मिसळून. रंग बघून ठरवू नका, गाडीच्या पुस्तकात बघा. त्या मिश्रणाने उणे ३७ अंशांपर्यंत संरक्षण मिळतं. हिवाळ्यात टाकी रिकामी केली तरी कूलंटचा फेरा भरलेलाच राहू द्या.

पाना_पकड

होज नेण्याबद्दल. गळत्या बहुतेक इथेच होतात, टाकीत नाही.

साधा ईपीडीएम रबराचा हीटर होज पुरतो. सिलिकॉनचा टिकतो जास्त, पण त्याला भोकांची पट्टी असलेला साधा क्लॅम्प लावला तर रबर त्या भोकांतून वर येऊन कापलं जातं. त्याला आतून गुळगुळीत पट्टीचा, स्प्रिंगवाला क्लॅम्पच हवा. सिलिकॉन थंडीत क्लॅम्पपाशी पाझरतोही. जोडाला प्लॅस्टिकचे टी नको, उष्णतेने ते ठिसूळ होतात आणि काही वर्षांनी होज काढताना कांडी आतच मोडते. पितळ घ्या. पेक्स कूलंटला अजिबात नाही.

सायलेन्सरच्या पाइपापासून किमान १५ सेंटिमीटर अंतर, नाहीतर मध्ये पत्र्याची ढाल. ड्राइव्हशाफ्टच्या वर किंवा शेजारी लोंबता होज ठेवू नका. दर ४०-४५ सेंटिमीटरला रबर लावलेली पी-क्लिप. झिप टायवर भरवसा ठेवू नका. गॅसच्या पाइपाला किंवा वायरींच्या जुडग्याला होज बांधायचा नाही.

चॅसीच्या पत्र्यातून होज जातो तिथे ग्रोमेट (रबरी कडं) घाला आणि होजवरून जुन्या होजचा उभा चिरलेला तुकडा चढवा. उघड्या पत्र्याच्या कडेला होज घासला की आधी काळी पूड दिसते, बोटाला लागते. मग आतले धागे पांढरे दिसू लागतात. धागे दिसले म्हणजे तो होज बदलायचाच. वरून टेप गुंडाळून उपयोग नाही.

आणि मध्येच उंचवटा नको. होज एखाद्या आडव्या दांड्यावरून वर चढून परत खाली आला की हवा तिथे अडकून बसते. टाळता येत नसेल तर त्या उंच जागी हवा काढायचा टी बसवा.

घाटवाट

भरणं आणि हवा काढणं, तेही लिहून टाकतो.

इंजिन पूर्ण थंड. होज कापण्याआधी दोन्ही बाजूंना पिंच क्लॅम्प लावले की फार कूलंट सांडत नाही. एक्स्चेंजरला पुरवठा खालच्या निपलला आणि परत वरच्याला द्या, म्हणजे हवा स्वतःहून वर ढकलली जाते. निर्मात्याने बाण दिला असेल तर तो पाळा. शक्य असेल तर लांब होज जोडण्याआधीच फनेलने भरून घ्या, त्याने अर्धी कटकट वाचते.

मग इंजिन सुरू करायच्या आधी हातपंपाच्या टेस्टरने १५ पीएसआय दाब देऊन पंधरा मिनिटं सोडा. काटा जागेवर राहिला तरच पुढे. गाडीचं नाक चढावर, डॅशबोर्डचा हीटर ‘हॉट’ला, बायपास व्हॉल्व्ह टाकीकडे उघडा, कूलंटच्या एक्स्पान्शन टाकीचं झाकण इंजिन थंड असेपर्यंतच उघडं. इंजिन सुरू करून होज हाताने दाबत राहा, बुडबुडे यायचे थांबले की पातळी पुरी करून झाकण लावा. इंजिन तापलं की टाकीला जाणारा आणि येणारा असे दोन्ही होज हाताला गरम लागले पाहिजेत. एक गरम आणि एक गार म्हणजे हवा अडकली आहे किंवा कुठेतरी होज मुरगळला आहे. केबिनमध्ये पाणी खळखळल्यासारखा आवाज हीही हवेचीच खूण. तापलेल्या इंजिनाचं झाकण हवा काढण्यासाठीही उघडायचं नाही, पुढचा प्रयत्न दुसऱ्या दिवशी.

पहिल्या शंभर-दीडशे मैलांनंतर, गार इंजिनावर, सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. नवीन रबर दबून सैल पडतंच. स्प्रिंगवाल्यांना ते लागत नाही.

चाकोरीबाहेर

मुक्कामाच्या ठिकाणची एक गोष्ट. टाकी गॅसवर तापवलेली असते आणि इंजिन थंड. टाकी इंजिनापेक्षा वर असो वा खाली, कूलंट होजमधून हळूहळू आपोआप फिरू शकतं आणि टाकीची उष्णता चॅसीखालच्या १५ मीटर होजमधून बाहेर जात राहते. गॅसचा बर्नर रात्री पुन्हापुन्हा पेटत असेल तर खाली वाकून होजला हात लावा. कोमट लागला तर हेच चाललंय. मुक्कामाला पोचल्यावर बायपास फिरवायची सवय ठेवा. बायपास पुढे इंजिनपाशी असेल तर टाकीजवळ परतीच्या होजवर आणखी एक बॉल व्हॉल्व्ह चालेल, पण आधी बायपास, मगच तो बंद. उघडताना आधी तो, नंतर बायपास. दांडीला रंगीत टेप लावून क्रम तिथेच लिहून ठेवा, गाडी दुसरं कोणी चालवणार असेल तर विशेष. होजवर फोमची इन्सुलेशन नळी चढवली तर चालताना आणि थांबल्यावर दोन्हीकडे फायदा.

रानभूल

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न : रस्त्यात एक्स्चेंजर किंवा मागचा होज फुटला आणि बायपास व्हॉल्व्ह बसवलेलाच नाही, तर?

पाना_पकड

काट्याने तापमान वर दाखवलं की लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, निदान पाऊण तास निवू द्या. इंजिनपाशी जिथे मागचा फाटा सुरू होतो तिथले दोन होज सोडवा आणि त्यांची तोंडं एकमेकांना पितळी जोडाने जोडा, ५/८ ला ५/८. सिरीज असेल तर फेरा पुन्हा पुरा झाला. टी असतील तर दोन्ही टींच्या मोकळ्या तोंडांना रबरी बूच आणि क्लॅम्प, किंवा त्या दोन तोंडांमध्येच होजचा छोटा तुकडा. मागच्या होजची टोकं बांधून टाका, उरलेलं कूलंट रस्त्यावर सांडत जाऊ नये म्हणून. कूलंट भरा. मिळालं नाही तर जवळच्या गावापर्यंत साधं पाणी चालेल, पण थंडीत गाडी उभी करण्याआधी ते बदलावंच लागेल. डिकीत ठेवायचं सामान : दोन पितळी जोड, सहा क्लॅम्प, अर्धा मीटर होज, दोन बूच, ४ लिटर तयार कूलंट, एक स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च.